हार्डडिस्क बिघडली, की संगणकाला वाचता येईना?

लग्नसराई संपली की यवतमाळ जिल्ह्यातल्या फोटो स्टुडिओंमधून हार्डडिस्क घरोघरी जायला लागतात. पूर्वी कॅसेट मिळायची, मग डीव्हीडी आली. आता शूटिंगवाला मिक्सिंग संपवून अल्बमसोबत एक पेनड्राइव्ह देतो आणि कच्च्या चित्रीकरणासकट सगळं हवं असेल तर घरूनच एक टीबीची डिस्क मागवून घेतो. ती स्टुडिओतल्या विंडोजवर भरली जाते, दिग्रसच्या किंवा वणीच्या घरी टीव्हीला लागते, दिवाळीत पुण्याहून आलेल्या मुलाच्या मॅकबुकला जोडली जाते, एखादवेळी इंजिनिअरिंगला असलेल्या भाचीच्या उबंटूवरही जाते. या फिरतीत कुठेतरी ती उघडत नाही, आणि घरात एकच वाक्य ऐकू येतं: डेटा उडाला.

त्या क्षणी डेटा बहुधा उडालेला नसतो. तो उडतो त्यानंतरच्या दोन मिनिटांत. विंडोज न वाचता येणारी डिस्क दिसली की विचारतं, वापरण्याआधी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल, करायची का? मॅक म्हणतो, जोडलेली डिस्क या संगणकाला वाचता येत नाही, आणि तीन बटणं पुढे ठेवतो: इनिशियलाइझ, इग्नोर, इजेक्ट. दोन्हीकडे सूचना अशा आवाजात येते की जणू दुरुस्तीच सुचवली जाते आहे. खरं तर त्या संगणकाला फक्त एवढंच सांगायचं असतं की हे माझ्या ओळखीचं नाही. घाबरलेला माणूस ‘हो’ म्हणतो. म्हणून हा सगळा प्रश्न पाहताना पहिला भेद करायचा तो मेलेल्या डिस्कमध्ये आणि न वाचता आलेल्या डिस्कमध्ये. तो भेद होईपर्यंत डिस्कवर काहीही लिहायचं नाही. रद्द करा, काढून घ्या, दुसऱ्या संगणकाला लावून पाहा.

हा विषय फक्त घरगुती नाही. यवतमाळचा नवरात्रातला दुर्गोत्सव, २०१९ च्या जानेवारीत इथं झालेलं ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन, गावोगावची कीर्तनं, खंजिरीवरची भजनं, जिल्हा परिषदेच्या शाळांचे कार्यक्रम यांचं लोकांनी केलेलं चित्रीकरण आज कुणाच्या तरी कपाटातल्या डिस्कवरच असतं. दुसरी प्रत क्वचितच असते.

सुरुवात विजेपासून करावी, कारण तिथं पैसा लागत नाही आणि बऱ्याच तक्रारी तिथंच मिटतात. वेगळा अ‍ॅडॉप्टर नसलेली अडीच इंची डिस्क तिची सगळी वीज यूएसबी केबलमधूनच घेते. यूएसबी २.० च्या पोर्टमधून नियमानं ५०० मिलीअँपिअर मिळतात, ३.० मधून ९००. तबकडी फिरू लागते त्या क्षणी मागणी सगळ्यात जास्त असते. झेरॉक्सच्या दुकानात सीपीयू टेबलाखाली असतो, समोरच्या पोर्टला लांब एक्स्टेन्शन लावलेलं असतं, आणि डिस्क त्या एक्स्टेन्शनच्या टोकाला. कान जवळ नेला तर ऐकू येतं: तबकडी फिरू लागल्याची बारीक सूं, मग एक टक्, मग शांतता. पुन्हा सूं, पुन्हा टक्. ऐकणारा म्हणतो हेड गेला. तसं असेलही, पण वीज कमी पडली तरी डिस्क नेमकी अशीच वागते. एक्स्टेन्शन काढा, सीपीयूच्या मागच्या बाजूच्या पोर्टला आखूड केबलनं थेट लावा, मग ठरवा.

केबलचंही तसंच. या डिस्कच्या केबलचं टोक रुंद, चपटं आणि मधे खाच असलेलं असतं. वर्षभर बॅगेत दुमडून राहिलं की ते सैल होतं. दुसरी तशी केबल तालुक्याच्या ठिकाणी लगेच मिळेलच असं नाही, पण एक सोय आहे. त्या जोडणीच्या मोठ्या भागात मोबाइलची जुनी मायक्रो यूएसबी केबल बसते, फक्त ती डेटाची असली पाहिजे, नुसत्या चार्जिंगची नव्हे. वेग कमी मिळतो, डिस्क मात्र वाचली जाते. घरची जुनी केबल वापरून पाहण्याआधी डिस्क मेल्याचा निकाल देऊ नये.

मागच्या पोर्टला, चांगल्या केबलनं लावूनही टकटक चालूच राहिली, किंवा डिस्क हातातून पडल्यावर ती सुरू झाली, तर मात्र थांबायचं. तबकडीच्या पृष्ठभागावरून केसाहूनही कमी अंतरावर हेड तरंगत असतो. तो घासला जात असेल तर प्रत्येक पुन्हा लावून पाहण्यात काही ना काही खरवडलं जातं. डिस्क रात्रभर फ्रीजमध्ये ठेवण्याचा सल्ला अजूनही फिरतो. तो ऐकू नये, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. बाहेरची डबी उघडून आतली डिस्क थेट संगणकाला जोडण्याची युक्ती काही डिस्कना लागू पडते, सगळ्यांना नाही. वेस्टर्न डिजिटलच्या पासपोर्ट मालिकेतल्या अनेक डिस्कमध्ये यूएसबीची जोडणी सर्किटवरच असते आणि काहींत तेच सर्किट माहिती सांकेतिक करून लिहितं. तिथं सर्किट बदललं की तबकडी चांगली असूनही वाचता येत नाही.

आणि ऊन. बाह्य डिस्कच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान बहुधा ५ ते ३५ अंश दिलेलं असतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला टेकतो, आणि डिस्क सेट टॉप बॉक्सवर, त्यावर पुन्हा रुमाल. शंभर जीबीची नक्कल उन्हाळ्यात दुपारी करू नये. पहाटे, पंख्याखाली, उघड्यावर ठेवून करावी.

वीज, केबल आणि तबकडी ठीक असेल तर प्रश्न ओळखीचा उरतो, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त गैरसमज इथं आहेत. डिस्कवर माहिती कुठं ठेवली याची जी नोंदवही असते ती प्रत्येक प्रणालीनं आपल्या पद्धतीनं बांधली. मायक्रोसॉफ्टनं १९९३ साली विंडोज एनटीसोबत एनटीएफएस आणली. विंडोज ९५ च्या पुढच्या आवृत्तीत १९९६ मध्ये फॅट ३२ आली. अ‍ॅपलनं १९९८ मध्ये एचएफएस प्लस, तर २०१७ मध्ये एपीएफएस. लिनक्समध्ये २००८ पासून एक्स्ट ४. कुणी कुणाची वही वाचायची हे तंत्रानं जेवढं ठरलं, तेवढंच धंद्यानं आणि परवान्यांनी ठरलं. डिस्क वापरणाऱ्याला यातलं काहीच विचारलं गेलं नाही.

यवतमाळकरांना हे पटायला दूर जावं लागू नये. याच गावात यशवंत खुशाल देशपांडे यांनी शारदाश्रमात जुनी हस्तलिखितं जमवली, महानुभाव वाङ्मयाचा अभ्यास केला. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत उतरवून ठेवले होते. पोथी शाबूत होती, शाई शाबूत होती. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपी उलगडेपर्यंत पंथाबाहेरच्या वाचकाला त्यातलं काही कळत नव्हतं. ‘वाचता येत नाही, तर कोरी करून टाकू का’ असं त्या पोथ्यांबद्दल कुणी विचारलं नाही, म्हणून त्या आज आहेत. मॅकवर भरलेली डिस्क विंडोजला लागते तेव्हा नेमका तोच प्रसंग असतो, फक्त इथं संगणक स्वतःच विचारतो.

आता एकेका बाजूनं पाहू. विंडोजवर डिस्क ‘माय कॉम्प्युटर’मध्ये दिसत नाही म्हणजे ती नाहीच असं नाही. डिस्क मॅनेजमेंट उघडून पाहावं. तिथं ती दिसत असेल आणि फक्त अक्षर मिळालेलं नसेल तर उजवं बटण दाबून अक्षर द्यायचं, काम झालं. एका कार्ड रीडरनं किंवा जुन्या नेटवर्क ड्राइव्हनं तेच अक्षर धरून ठेवलं की असं होतं. पण तिथंच २०० एमबीचा ‘ईएफआय’ नावाचा छोटा तुकडा आणि शेजारी नाव-अक्षर नसलेला मोठा तुकडा दिसला, तर ती डिस्क जवळजवळ नक्की मॅकवर तयार झालेली आहे. तो मोठा तुकडा रिकामा नाही, सगळं लग्न त्यातच आहे. ‘डिलीट व्हॉल्यूम’ला हात लावू नये.

उलट बाजूला मॅक. एनटीएफएस डिस्क तो उघडतो, फोटो दाखवतो, नकलून घेऊ देतो, पण तिच्यावर लिहू देत नाही. मुलगा सांगतो, ‘बाबा, डिस्क लॉक झाली.’ लॉक वगैरे काही नाही. मॅकला त्या वहीत लिहायची परवानगी आणि सोय नाही. फाइल हवी असेल तर मॅकवर उतरवून घ्यावी. लिहायचंच असेल तर वेगळं सॉफ्टवेअर लागतं.

आणखी एक लहान गोष्ट, जिच्यामुळे दुकानदाराशी भांडणं होतात. एक टीबीची डिस्क विंडोजवर ९३१ जीबी दाखवते आणि मॅकवर १००० च्या आसपास. चोरी झालेली नसते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं आणि मॅक २००९ पासून हजाराच्या. खरी फसवणूक वेगळी असते. अविश्वसनीय स्वस्तात मिळालेल्या ‘दोन टीबी’च्या डबीत कधीकधी लहानसं मेमरी कार्ड निघतं. ते भरल्यावर जुन्यावरच नवं लिहीत जातं आणि यादीत मात्र सगळी नावं दिसत राहतात. नवी डिस्क घेतल्यावर तिची पूर्ण क्षमता तपासणारी मोफत साधनं आहेत, एचटूटेस्टडब्ल्यू हे त्यातलं जुनं. वेळ लागतो, पण लग्न भरण्याआधी लावलेला वेळ तो.

लिनक्सची बाजू आपल्याकडे दुर्लक्षित राहिली. २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटीनं उमरखेड-घाटंजीपर्यंत संगणक पोचवला हे मोठंच काम झालं, पण त्या पिढीच्या मनात संगणक म्हणजे विंडोज हे समीकरणही पक्कं बसलं. सी-डॅकनं बॉस नावाची भारतीय भाषांतली लिनक्स प्रणाली काढली, ती घराघरात गेली नाही. तरी अडलेल्या डिस्कसाठी लिनक्ससारखा पंच दुसरा नाही. पेनड्राइव्हवर उबंटू घालून, संगणकात काहीही न बसवता, ‘ट्राय’ निवडून तो चालू करता येतो. एनटीएफएस तो वाचतो. २०२१ मध्ये लिनक्सच्या ५.१५ या गाभ्यात (कर्नलमध्ये) त्यासाठी नवा चालकही (ड्रायव्हर) आला. एक्सफॅट वाचतो, एचएफएस प्लस वाचतो. एपीएफएसला मात्र बाहेरचं साधन लागतं. विंडोजवर ‘फॉरमॅट करू का’ म्हणणारी एनटीएफएस डिस्क उबंटूवर निमूट उघडल्याचं अनेकांनी पाहिलं आहे, कारण वहीतली एखादी किरकोळ चूक एका प्रणालीला अडवते आणि दुसरीला अडवत नाही.

लिनक्सवर ती उघडली पण फक्त वाचण्यापुरती, किंवा ‘असुरक्षित स्थिती’ म्हणून नकार आला, तर बहुधा विंडोजनं ती नीट सोडलेली नसते. विंडोजचं नेहमीचं ‘शट डाउन’ हे पूर्ण बंद होणं नसतं, फास्ट स्टार्टअपमुळे ते अर्धवट झोपतं. डिस्क लावलेली असतानाच संगणक तसा झोपला की डिस्कची नोंदही अर्धवट राहते. पुन्हा विंडोजला लावावी, शिफ्ट दाबून शट डाउन करावं किंवा डिस्क इजेक्ट करून काढावी. लिनक्सवर जबरदस्तीनं उघडायची गरज नाही.

मग सगळीकडे चालेल अशी वही कोणती? फॅट ३२ सगळे वाचतात, पण तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. तीन तासांच्या लग्नाची फाइल नकलताना ‘फाइल फार मोठी आहे’ असं येतं आणि डिस्क तर अर्धी रिकामी दिसते, ते यामुळे. २००६ मध्ये आलेल्या एक्सफॅटनं ही मर्यादा काढली. मॅकनं ती २०१० मध्ये स्वीकारली. लिनक्सचा प्रश्न २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं तिचा तपशील खुला केल्यावर सुटला. आज फिरत्या डिस्कसाठी एक्सफॅट हाच व्यवहार्य पर्याय. तिचा एक दुबळेपणा मात्र आपल्या जिल्ह्यात जास्त बोचतो. एनटीएफएस, एक्स्ट ४ यांसारख्या पद्धतींत आधी नोंद, मग बदल अशी व्यवस्था असते, त्यामुळे मधेच लाईन गेली तरी वही सावरता येते. एक्सफॅटमध्ये ती नाही. यूपीएस नसलेल्या डेस्कटॉपवर नक्कल चालू असताना लाईन गेली की एखादा फोल्डर रिकामा दिसू लागतो. म्हणून फिरती डिस्क एक्सफॅट असावी, पण घरी जपून ठेवायची प्रत घरच्या संगणकाच्या स्वतःच्या पद्धतीत असावी. दोन्ही कामं एकाच डिस्ककडून करून घेण्याचा हट्ट महागात पडतो.

टीव्हीचं थोडक्यात. एलईडी टीव्हीच्या मागं दोन यूएसबी असतील तर ‘एचडीडी’ लिहिलेल्या पोर्टला डिस्क लावावी, तिथं वीज जास्त मिळते. फ्री डिशचे साधे बॉक्स बहुतेक फॅट ३२ च वाचतात, त्यांना डिस्कपेक्षा पेनड्राइव्ह बरा. टीव्ही कधीकधी कार्यक्रम रेकॉर्ड करण्यासाठी डिस्क फॉरमॅट करू का असं विचारतो. तिथंही उत्तर ‘नाही’. आणि चित्र दिसतं पण आवाज येत नाही, तर डिस्क दोषी नाही. त्या फाइलमधला आवाजाचा प्रकार टीव्हीला कळत नाही.

‘सगळे फोल्डर शॉर्टकट झाले’ ही तक्रारही जुनी आहे आणि अजून संपलेली नाही. झेरॉक्सच्या दुकानातल्या विंडोजवरून हा व्हायरस डिस्कवर येतो, खरे फोल्डर लपवतो आणि त्यांच्या नावाचे शॉर्टकट ठेवतो. त्यावर क्लिक केलं की पुढच्या संगणकात शिरतो. डेटा जागेवरच असतो. हीच डिस्क लिनक्सला लावली तर लपवलेले फोल्डर सहसा सरळ दिसतात. तिथून नकलून घेणं हा सगळ्यात निर्धोक मार्ग. विंडोजवरच करायचं तर अँटिव्हायरसनं साफ केल्यावर अ‍ॅट्रिब आज्ञेनं लपवाछपवी काढता येते.

आता त्या पायरीकडे, जिच्याबद्दल क्वचितच कुणी लिहितं: डिस्क उघडली, फोल्डर दिसला, फाइलही उघडली, आणि आत भलतंच. पुसदच्या किंवा दारव्ह्याच्या एखाद्या मुद्रकाकडे वीस वर्षांच्या पत्रिका, स्मरणिका, दिवाळी अंक डिस्कवर असतात. त्यांतला बराच मजकूर श्री-लिपीत किंवा सी-डॅकच्या सुरेख, योगेशसारख्या डीव्ही-टीटी फॉन्टांत बसवलेला असतो. या फॉन्टांत मराठी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेली होती. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मजकूर उघडला की इंग्रजी अक्षरं, चिन्हं, कंस यांची गिचमिड दिसते. मुलगा म्हणतो, फाइल करप्ट झाली, आणि जागा करायला ती पुसून टाकतो. ती पूर्णपणे शाबूत असते. जुना फॉन्ट मिळवून बसवला की स्मरणिका जशीच्या तशी दिसते, आणि त्या त्या फॉन्टचा परिवर्तक वापरला तर मजकूर युनिकोडमध्येही आणता येतो. पेजमेकरच्या फाइलींचं दुखणं याहून अवघड. ते सॉफ्टवेअरच बंद पडलं. इनडिझाइनच्या सीएस ६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकर ६ व त्यापुढच्या फाइली उघडत, नंतर ती सोय गेली. ज्यांच्याकडे जुना विंडोज एक्सपी संगणक अजून चालतो त्यांनी तो भंगारात देण्याआधी या फाइली पीडीएफ करून घ्याव्यात. जिल्ह्याच्या छापील इतिहासाचा मोठा भाग अशा संगणकांत अडकलेला आहे, असं मला मनापासून वाटतं.

युनिकोडमध्येही सगळं सरळ नाही. ‘पऱ्हाटी’ नावाचा फोल्डर मॅकच्या एचएफएस प्लस डिस्कवरून लिनक्सवर आला की शोधात सापडेनासा होऊ शकतो, कारण ती पद्धत ऱ हे अक्षर र आणि नुक्ता असं सुटं करून साठवते. डोळ्याला फरक दिसत नाही. फोल्डरचं नाव पुन्हा टाइप केलं की झालं. चित्रफितींचंही असंच. मिक्सिंगसाठी आपल्याकडे एडियस हे सॉफ्टवेअर फार वापरतात. त्यातून निघालेल्या एव्हीआय फाइली साध्या प्लेअरमध्ये काळ्या दिसतात, व्हीएलसीच्या ताज्या आवृत्तीत बऱ्याचदा चालतात. फाइल पुसण्याआधी एवढं तरी करून पाहावं.

खरोखर बिघडलेल्या डिस्कबद्दल. डिस्क दिसते, पण एकेका फोल्डरवर मिनिटभर अडते, तर आधी तिची प्रकृती पाहावी. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो, लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्स ती दाखवतात. ‘पेंडिंग सेक्टर’चा आकडा शून्याच्या वर चढत असेल तर विंडोजचं चेकडिस्क चालवू नये. वही नीट करण्याच्या नादात ते मरणाऱ्या तबकडीला तासन् तास राबवतं आणि न वाचता आलेल्या नोंदी काढूनही टाकतं. योग्य क्रम असा: लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यूनं आधी सगळ्या डिस्कची प्रतिमा दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्यायची. हे साधन सोपा भाग आधी उचलतं, अडलेला भाग शेवटी प्रयत्नाला ठेवतं आणि कुठवर आलो याची नोंद ठेवतं, त्यामुळे मधे लाईन गेली तरी पुन्हा तिथून सुरू होतं. पुढची सगळी खटपट त्या प्रतिमेवर. चुकून फॉरमॅट झालं असेल तर टेस्टडिस्क हरवलेला विभाग शोधतं. ते जमलं नाही तर फोटोरेक फोटो आणि चित्रफिती बाहेर काढतं, फक्त फाइलींची नावं जातात आणि हजारो फोटो क्रमांकांच्या नावानं हाती येतात.

टकटक करणारी डिस्क यातल्या कशानंही सुधारत नाही. ती धूळरहित खोलीत उघडावी लागते, आणि तशी सोय आपल्या जिल्ह्यात शोधण्यात वेळ घालवू नये. नागपूर दीडशे किलोमीटरवर आहे. तिथंही आधी विचारावं की काम इथंच होतं की डिस्क पुढं पाठवता. पाठवण्यापूर्वी खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा, आणि दुकानात ‘एकदा उघडून बघतो’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणावं.

स्टुडिओवाल्यांना एक विनंती आहे. डिस्क देताना तिच्यावर एक चिठ्ठी चिकटवा: कोणत्या पद्धतीत फॉरमॅट केली, कोणत्या महिन्यात भरली, मिक्सिंग कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये झालं, पत्रिकेचा फॉन्ट कोणता. आणि डिस्कवर त्याच लग्नाची एक साधी एमपी ४ प्रत ठेवा, जी टीव्हीवर, मॅकवर आणि आजीच्या मोबाइलवरही चालेल.